मंडळाच्या शिबिराने कुणाचं हृदय वाचतं का?

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या त्रेचाळीस वर्षांच्या, यजमान पंचेचाळीसचे. घरात त्र्याहत्तर वर्षांचे सासरे आणि शाळेत जाणारी मुलगी. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या दिरांना बेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला आणि दोन स्टेंट घालावे लागले. दीर शाकाहारी, सिगारेट ओढत नाहीत, एका गोदामात रात्रपाळी करतात. अटॅक येईपर्यंत त्यांचं बीपी किंवा कोलेस्टेरॉल कधी कुणी मोजलंच नव्हतं. नंतर रुग्णालयाने हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाच्या वर्गाला बोलावलं, तिथे दोनदा जाऊन त्यांनी सोडून दिलं. "सगळे सत्तरीचे गोरे आजोबा, मी तिथे काय करू?" ताईंच्या यजमानांचं म्हणणं, "आमच्या घराण्यातच आहे, व्हायचं ते होणार." स्वतःची तपासणी ते टाळतात. सासरे बीपीच्या गोळ्या मनाला येईल तेव्हा घेतात आणि जीपीकडे, म्हणजे नाव नोंदवलेल्या फॅमिली डॉक्टरकडे, नात दुभाषी म्हणून जाते. ताईंनी आपल्या मराठी मंडळात हृदयतपासणीच्या शिबिराची कल्पना मांडली. कार्यकारिणीने गणपतीत एका डॉक्टरांचं व्याख्यान आणि मग जेवण, असं ठरवून टाकलं. एक सदस्य हसून म्हणाले, "आपली माणसं तूप सोडणार नाहीत, कशाला डोकेफोड?" ताई विचारतात, आपल्या लोकांचं खरंच काही होणार नाही का? शिबिर घ्यावं का? की आधी स्वतःचं घर बघावं?

ताई,

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी त्या हसणाऱ्या सदस्यांशी दोन शब्द बोलते, कारण त्यांचं वाक्य प्रत्येक मंडळात कुणी ना कुणी बोलतंच. त्या वाक्यात मोठी सोय आहे. दोष लोकांच्या ताटात टाकला की बाकी कुणाला काही करावं लागत नाही. मंडळाला नाही, जीपीला नाही, वर्षानुवर्षं रात्रपाळी लावणाऱ्या गोदामाला तर नाहीच. पण तुमच्या दिरांच्या बाबतीत तुपावर खापर फोडायला जागा कुठे आहे? दिवसा तुटक झोप, रात्री दोन वाजता मशीनमधून मिळेल ते खाणं, आणि बेचाळीस वर्षांत एकदाही न मोजलेलं कोलेस्टेरॉल. यातली शेवटची गोष्ट बदलणं सगळ्यात सोपं होतं, आणि नेमकी तीच कुणी बदलली नाही.

तरी त्या सदस्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत शिकागो परिसरात दक्षिण आशियाई लोकांसाठी 'साहेली' नावाचा एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचशेहून जास्त माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना त्यांच्याच समाजातल्या जागांमध्ये, त्यांच्या खाण्यापिण्याला आणि भाषेला धरून आहार, व्यायाम आणि ताण यांचे गटवर्ग दिले. उरलेल्यांना फक्त छापील माहिती. वर्षभराने वजन, बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर यांपैकी कशातही दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वर्ग चांगले होते, शिकवणारी माणसं मनापासून शिकवत होती, तरीही. मग गणपतीतल्या पाऊण तासाच्या व्याख्यानाने काय होईल याचा अंदाज तुम्हीच बांधा. डॉक्टर चांगले असतील, विनोदही करतील, लोक माना डोलावतील आणि पंगतीत "आज असू दे" म्हणत श्रीखंड वाढून घेतील. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला हृदयविकार रोखण्याचा कार्यक्रम म्हणू नये.

म्हणून समाजात जाऊन काम करणं फुकट, असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. फुकट काय आणि कामाचं काय, हे वेगळं करून बघायला लागतं. त्यासाठी लॉस एंजलिसमधल्या सलूनांचा प्रयोग मला फार आवडतो. रोनाल्ड व्हिक्टर नावाच्या डॉक्टरांनी तो केला आणि २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाब जास्त, पण दवाखान्यावर त्यांचा भरवसा कमी. आपल्या नेहमीच्या सलूनमध्ये मात्र ते न चुकता जातात. म्हणून ५२ सलूनमधले, बीपी वाढलेले ३१९ पुरुष निवडले. काही सलूनमध्ये केस कापणाऱ्यानेच समजावलं की डॉक्टरकडे जा, राहणी सुधार. सहा महिन्यांत त्यांच्या बीपीचा वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला. बाकीच्या सलूनमध्ये एक प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः येत असे. तिथेच बीपी मोजायचा, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने तिथेच गोळ्या सुरू करायचा, मात्रा बदलायचा, पुन्हा येऊन मोजायचा. त्यांचा आकडा २७ ने उतरला.

जागा दोन्हीकडे ओळखीची होती आणि माणूसही विश्वासातला होता. फरक पडला तो गोळ्या त्या खुर्चीपर्यंत पोचल्याने आणि कुणीतरी पुन्हा पुन्हा येत राहिल्याने. तुमच्या कार्यकारिणीने मंजूर केलेला कार्यक्रम हा पहिल्या प्रकारचाही नाही, कारण सलूनवाला निदान महिन्या-दोन महिन्यांनी तरी भेटतो.

हे अमेरिकेतच होतं असं समजू नका. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये असाच प्रयोग झाला, निष्कर्ष २०२० मध्ये आले. आपल्याकडच्या आशाताईंसारख्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या घरोघर जाऊन बीपी मोजत, समजावत, गरज पडली तर प्रशिक्षण दिलेल्या डॉक्टरकडे पाठवत. दोन वर्षांनी त्या वस्त्यांमधलं बीपी इतर वस्त्यांपेक्षा ५ ने जास्त उतरलं होतं. हा आकडा लहान वाटतो, पण हजारो माणसांचं बीपी पाचने उतरणं म्हणजे कितीतरी अर्धांगवायू आणि अटॅक टळणं. कोलंबिया आणि मलेशियातल्या आणखी एका प्रयोगात, २०१९ मध्ये, गोळ्या मोफत दिल्या आणि प्रत्येक रुग्णाने आपलाच एक नातेवाईक किंवा मित्र पाठीराखा म्हणून निवडला. तिथे फरक ११ च्या आसपास होता. हा पाठीराखा लक्षात ठेवा, तुमच्या घरात त्याची तीनदा गरज लागणार आहे.

आता तुमच्या यजमानांचं "घराण्यातच आहे". यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं त्यांच्या निष्कर्षाच्या बरोबर उलट दिशेला नेतं. बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना सुमारे ५९ व्या. सहा वर्षं आधी! पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की हे लवकर येणं बहुतांशी नेहमीच्याच गोष्टींनी समजावता येतं: कोलेस्टेरॉल, मधुमेह, बीपी, तंबाखू, पोटाचा घेर, व्यायामाचा अभाव, ताण. आपल्याकडे त्या तरुणपणीच सुरू होतात, इतकंच. लंडनच्या साउथॉल भागातल्या दीर्घ अभ्यासात मात्र मधुमेह वगैरे सगळं हिशोबात धरूनही आपल्या लोकांचा काही जास्तीचा धोका उरलाच. म्हणजे रक्तातलं काहीतरी असेलही. पण ज्याच्या घराण्यात धोका आहे त्याने इतरांच्या आधी, इतरांपेक्षा जास्त वेळा आणि जास्त कडक मापाने तपासायचं असतं. "व्हायचं ते होणार" हे वाक्य खरं तर भीतीचं असतं. सख्ख्या धाकट्या भावाला डोळ्यांसमोर रुग्णवाहिकेत घालताना ज्याने बघितलं, तो तपासणी टाळतो तेव्हा त्याला पर्वा नसते असं नाही. उत्तर काय येईल याचीच त्याला धास्ती असते. त्यांच्याशी आकड्यांवरून वाद घालू नका. "तुमच्यासाठी नाही, भावासाठी चला, त्याच्या डॉक्टरांना घरातल्यांचं कोलेस्टेरॉल किती ते कळायला हवं" असं म्हणून बघा. हे खोटंही नाही. इतक्या तरुण वयात अटॅक आला की घराण्यात कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक विकार आहे का, हे सख्ख्या भावंडांत तपासायला हवंच.

इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, आधीचा हृदयविकार किंवा मधुमेह नसलेल्या माणसांना एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, दर पाच वर्षांनी मोफत 'एनएचएस हेल्थ चेक' मिळतो. दिरांनाही चाळिशीनंतर त्याचं पत्र आलं असेल, आणि बँकेच्या पत्रांच्या ढिगात कुठेतरी पडून राहिलं असेल. यजमानांनी पत्राची वाट न बघता जीपीकडे फोन करावा. तिथे 'क्यूरिस्क' नावाच्या गणिताने पुढच्या दहा वर्षांतला धोका काढतात. वंश कोणता आणि सख्ख्या नात्यात साठीच्या आत कुणाला अटॅक आला का, हे दोन्ही त्या गणितात धरलेलं असतं, पण तुम्ही सांगितलं तरच. नोंदणीच्या कागदावर घाईत "इतर आशियाई" वर खूण करून आलेले कितीतरी असतात. ती नोंद बरोबर आहे का ते बघून घ्या आणि "भावाला बेचाळिसाव्या वर्षी अटॅक आला" हे वाक्य तोंडाने उच्चारा. धोका १० टक्क्यांच्या वर निघाला तर डॉक्टर स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीबद्दल, बोलतील. खाली निघाला तरी हा इतिहास बघता तुम्ही स्वतः विषय काढू शकता. "एकदा गोळी चालू झाली की आयुष्यभर" ही तक्रार मला दर महिन्याला कुणी ना कुणी कळवतं. दिरांनाही आता आयुष्यभरच आहेत, शिवाय स्टेंट आहेत.

वजनाची मापंही आपल्यासाठी वेगळी आहेत, हे खूप जणांना माहीत नसतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या आत म्हणून आपण निश्चिंत असतो, पण दक्षिण आशियाई लोकांसाठी ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत जास्त वजन २३ पासून धरतात आणि लठ्ठपणा २७.५ पासून. आकडेमोड नको असेल तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे का, एवढं दोरीने बघितलं तरी चालतं.

आता मंडळ. इथे मला तुमचं एक गृहीत जरा हलवून बघायचं आहे. तुम्ही "समाज" म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर कोण येतं? गणपतीला साडी-कुर्ता घालून येणारी, स्वतःचं घर आणि गाडी असलेली, अर्धी अधिक आयटीतली किंवा एनएचएसमध्ये नोकरी करणारीच मंडळी. त्यांच्यापैकी बरेच जण स्वतःच्या बळावर जीपीपर्यंत पोचू शकतात, फक्त आळस आडवा येतो. पण तुमचे दीर गणपतीला आले होते का? रात्रपाळीवाले, डिलिव्हरी करणारे, केअर होममध्ये बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बायका, एका घरात सहा जण राहणारे विद्यार्थी, नुकतीच आलेली आणि इंग्रजीत फोन करायला घाबरणारी सून. मंडळाची वर्गणी आणि रविवारची दुपार दोन्ही यांना परवडत नाहीत. धोका त्यांच्याकडे जास्त आणि व्याख्यान आपल्याकडे. शिवाय ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचा धोका भारतीयांपेक्षा पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबांत आणखी जास्त आहे. दिरांच्या गोदामातल्या पाळीवर त्यांच्या शेजारी बहुधा तीच माणसं असतील. गुरुद्वारा किंवा मशिदीबरोबर मिळून काम करायचं म्हटलं की मंडळात कुणाच्या तरी कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या. त्यांच्याकडे दर आठवड्याला येणारी माणसं असतात, आपल्याकडे वर्षातून चार सण.

म्हणून शिबिर घ्या, पण त्याआधी पुढच्या सहा महिन्यांची सोय करा. शिबिराच्या दिवशी बीपी वाढलेला माणूस सापडणं सोपं आहे. तीन आठवड्यांनी तो जीपीकडे गेला का, आणि तीन महिन्यांनी गोळ्या घेतो आहे का, हे विचारणारं माणूस मंडळात नसेल तर ते मोजणं वाया गेलं. तुम्हाला अशी चार-पाच माणसं लागतील. त्यांनी सल्ले द्यायचे नाहीत, औषधं सुचवायची नाहीत. फोन करायचा, हवं तर बरोबर जायचं, फॉर्म भरायला मदत करायची. निवृत्त नर्स मिळाली तर उत्तम, नाही तर ज्यांच्या घरी लोक आपणहून चहाला जातात अशी कुणीही चालेल. वीस घरांमागे एक एवढाच भार ठेवा, नाही तर उत्साह दिवाळीपर्यंतच टिकतो.

मोजणी मंडळाने स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. हेल्थ चेकची जबाबदारी इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असते. तुमच्या कौन्सिलमध्ये फोन करून विचारा की तुमची माणसं आमच्या हॉलमध्ये येऊन तपासणी करतील का. पुष्कळ कौन्सिलांना अशा समाजापर्यंत पोचायचंच असतं, त्यांना दार उघडणारं कुणी मिळत नाही. दुसरा रस्ता फार्मसीचा. इंग्लंडमध्ये चाळिशीवरच्या, बीपीचं निदान न झालेल्या कुणालाही बहुतेक फार्मसीत मोफत बीपी मोजून मिळतं. जास्त आलं तर चोवीस तासांचं यंत्र लावून देतात आणि निकाल जीपीकडे पाठवतात. म्हणजे लॉस एंजलिसच्या त्या फार्मासिस्टाचा थोडाफार अवतार तुमच्या कोपऱ्यावरच उभा आहे. दिरांच्या गोदामाजवळची, उशिरापर्यंत उघडी असणारी फार्मसी शोधून तिथल्या फार्मासिस्टशी बोलून ठेवणं, हे कदाचित अख्ख्या शिबिरापेक्षा जास्त कामाचं ठरेल. स्कॉटलंड-वेल्समधल्या वाचकांनी हे तसंच्या तसं धरू नये, तिथल्या सोयी वेगळ्या आहेत. आपल्या जीपीकडे चौकशी करावी.

काही बारकावे आधीच ठरवून ठेवा. बीपी १८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी कुठे पाठवायचं, हे तपासणाऱ्या माणसांकडून लिहून घ्या. छातीत दुखतंय, दम लागतोय, हात-जबडा भरून आलाय असं कुणी म्हणालं तर लगेच रुग्णवाहिकेसाठी ९९९ ला फोन, स्वतःच्या गाडीने जायचं नाही आणि मंडळातल्या डॉक्टरला फोन करत बसायचं नाही. आणि कुणाचाही आकडा व्हॉट्सअॅपवर जाता कामा नये. हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. "त्यांच्या मुलाला आताच शुगर आहे म्हणे" हे वाक्य लग्नाच्या गोष्टींपर्यंत पोचतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच निम्मी माणसं मंडळात दंड पुढे करत नाहीत. मोजणी पडद्याआड, कागद एकच आणि तो ज्याचा त्याच्या हातात. पाठपुरावा करणाऱ्याचं नाव त्या माणसाने स्वतः निवडायचं.

औषधांच्या खर्चाचंही सांगून ठेवा. इंग्लंडमध्ये साठीच्या आतल्यांना दर औषधामागे पैसे पडतात, आणि तीन-तीन गोळ्या सुरू झाल्या की कमी पगाराचा माणूस एखादी गुपचूप बंद करतो. त्यासाठी वर्षभराचे पैसे एकदम किंवा हप्त्याने भरून मिळणारं प्रमाणपत्र असतं. त्यावर कितीही औषधं घेता येतात. अगदी कमी उत्पन्न असेल तर माफीसाठीही अर्ज करता येतो. हे सांगणारा एक कागद मराठी, हिंदी, उर्दू, बंगालीत तयार केलात तर आहारतक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता सासरेबुवा. "मनाला येईल तेव्हा" याच्या पोटात बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते नातीसमोर बोलता येत नाही. कुठल्या गोळीने सारखी लघवीला लागते म्हणून ते बाहेर जायच्या दिवशी टाळत असतील. कुठल्या गोळीने पाय सुजतात, कुठल्या गोळीने कोरडा खोकला येतो. कदाचित एकादशीला उपाशीपोटी नको म्हणून सोडत असतील, किंवा गावाकडून आलेलं चूर्ण चालू असेल आणि ते सांगायचा संकोच असेल. तेरा-चौदा वर्षांची नात आजोबांच्या लघवीबद्दल डॉक्टरांना काय सांगणार? आजोबा तिच्यासमोर सांगणारही नाहीत. जीपीकडे दुभाषी मोफत मिळतो, फोनवरून का होईना, आणि मुलांना दुभाषी म्हणून वापरू नये असंच एनएचएसचं धोरण आहे. वेळ घेतानाच "मराठी दुभाषी हवा" म्हणून सांगा, थोड्या दिवसांनंतरची वेळ मिळाली तरी घ्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि चूर्णाची डबी पिशवीत घालून न्या. गोळी बदलून मिळते. बीपीच्या औषधांचे पर्याय भरपूर आहेत, हे त्यांना डॉक्टरकडून ऐकू दे. घरी दंडावर लावायचं प्रमाणित यंत्र आणा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, दर वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहायचं. घरच्या मापाची सरासरी १३५/८५ च्या आत असावी असं सर्वसाधारणपणे धरतात, त्यांच्यासाठी नेमकं किती ते डॉक्टर सांगतील. ही वही नातीकडे सोपवा. दुभाषीपणापेक्षा हे काम तिला शोभेल, आणि आजोबांना पाठीराखीही मिळेल.

दिरांनी पुनर्वसन सोडलं हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य वाटलं, आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलं आहे. स्टेंट घातले म्हणजे काम झालं असं नाही. पुनर्वसनात देखरेखीखाली व्यायाम, औषधांची घडी, अटॅकनंतरची भीती आणि उदासी या सगळ्याकडे बघतात, आणि पुन्हा रुग्णालयात जाण्याची शक्यता त्याने कमी होते. "सगळे सत्तरीचे गोरे आजोबा" ही तक्रार रास्त आहे. ब्रिटनमध्ये आपली माणसं या वर्गांना कमी जातात, त्यामागे भाषा, वेळ आणि हाच परकेपणा असतो. पण तक्रार त्यांनी घरी केली, पुनर्वसनाच्या नर्सकडे नाही. तिला फोन करून स्पष्ट सांगा की हा माणूस रात्रपाळी करतो, दुपारचा वर्ग त्याच्या झोपेच्या वेळेला येतो आणि तिथे त्याला एकटं वाटतं. कितीतरी ठिकाणी घरून किंवा फोन-व्हिडिओवरून करायचा कार्यक्रम मिळतो. पहिल्या चार वेळा यजमानांनी बरोबर जाऊन बसावं. तिथे बसल्याबसल्या त्यांच्याही कानावर बरंच काही पडेल, आणि तेवढ्यापुरतं ते स्वतःसाठी आलेले नसतील.

तुमचं आणि जाऊबाईंचं काय? पत्रभर तुम्ही कुणाकुणाच्या हृदयाची काळजी केली, स्वतःचा आकडा कुठेच नाही. गरोदरपणात शुगर किंवा बीपी वाढलं होतं का? तसं असेल तर पुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बाळंतपण आटोपलं की ही गोष्ट सगळे विसरतात, कित्येकदा जीपीही. तुम्हीही चाळिशी ओलांडली आहे. हेल्थ चेक तुम्हालाही लागू आहे.

राहिला प्रश्न आधी घर की आधी समाज. माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने घर. सासऱ्यांची पिशवी, दिरांचं पुनर्वसन, तुमची आणि यजमानांची तपासणी. यात तुम्हाला नेमकं कळेल की फोन कुठे लागत नाही, कुठला फॉर्म अडतो, कुठली फार्मसी माणुसकीने वागते. तीच माहिती मंडळाला लागणार आहे. मग कार्यकारिणीकडे जा आणि व्याख्यानाला विरोध करू नका, होऊ द्या. फक्त तीन गोष्टी मागून घ्या: व्याख्यानाच्या शेवटी पाठपुरावा करणाऱ्या चार जणांची ओळख, बाजूच्या खोलीत कौन्सिलची किंवा फार्मसीची मोजणी, आणि फेब्रुवारीत तोच हॉल पुन्हा दोन तासांसाठी. तेव्हा जेवण नाही, डॉक्टर नाही, ज्यांचं वाढलेलं होतं त्यांनी पुन्हा मोजून घ्यायचं. त्या हसणाऱ्या सदस्यांना हॉलच्या किल्लीची जबाबदारी द्या. त्यांचं स्वतःचं बीपी कुणी मोजलं आहे का, तेही त्या निमित्ताने कळेल.

यजमानांची जीपीकडची वेळ मात्र कार्यकारिणीच्या बैठकीआधीची घ्या.